बाईची कॅसेट

जालना
शनिवार, १२ जुलै २००३

नीलाताई, नमस्कार.

‘शब्दगप्पा’ या आपल्या ई-मेल गटावर तुमचं नाव नेहमी वाचतो, पण तुम्हाला वेगळं पत्र पहिल्यांदाच लिहून राह्यलो. परवा कुणीतरी विचारलं होतं, की पातळ कालवणाला मराठवाड्यात ‘कोरड्यास’ का म्हणतात. त्यावर तुम्ही लिहिलं, ‘कोरड्या भाकरीस लागतं ते कोरड्यास. यात न कळण्यासारखं काय आहे?’ बिलकुल बराबर. माझी आई हेच म्हणाली असती, फक्त शेवटी एक शिवी असती. तेव्हाच ओळखलं, ह्या ताई आपल्याकडच्या.

माझं नाव भुजंग. जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णीला शाळेत मराठी शिकवतो. गावात इंटरनेट न्हाई, म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटीने जालन्याला येतो आणि मामा चौकाजवळच्या कॅफेत बसतो. मराठी टाइप करायला मला पानाला एक तास लागतो. बाजूची पोरं गेम खेळतात आणि माझ्याकडे दयेने बघतात.

गटावर टोपणनावांचा विषय निघालाय म्हणून आमच्या घरातली सांगतो. माझ्या चुलत्यांना सगळे ‘फर्लांग’ म्हणायचे, कारण ते अंतर फर्लांगातच सांगत, अगदी ओसरीपासून चुलीपर्यंतचंसुद्धा. माझी बायको नंदाबाई, तिला सासरी ‘रेडिओ’ नाव पडलंय. मी ‘बोंड्या’. लहानपणी डोकं गोल होतं म्हणे. आईचं नाव द्वारकाबाई, पण आम्ही तिला बाईच म्हणतो. तिला टोपणनाव ठेवायची कुणाची हिंमत झाली न्हाई.

तुमचं काय होतं?

भुजंग


इंदूर
१५ जुलै २००३

प्रिय भुजंगराव,

‘लिहून राह्यलो’ हे दोन शब्द मी तीनदा वाचले. चाळीस वर्षं झाली कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं.

बरोबर ओळखलंत. मी जालन्याचीच. वडील, मार्तंडराव, एका वकिलांच्या कचेरीत होते. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूत, त्यामुळे घरात ‘जल्दी’ आणि ‘खर्चा’ हे शब्द आम्हाला मराठीच वाटायचे. त्यांना आम्ही मागून ‘दमानं’ म्हणायचो, कारण घराला आग लागली असती तरी ते ‘दमानं घ्या’ असंच म्हणाले असते. थोरला भाऊ भालचंद्र म्हणजे ‘बराबर’. तुम्ही काहीही सांगा, तो ‘बराबर’ म्हणायचा आणि मग उलटं करायचा.

लग्न होऊन इंदूरला आले. मिस्टर बँकेत होते, दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा टोरांटोला आहे. त्यानेच हा कॉम्प्युटर बसवून दिला आणि बजावलं, ‘आई, रोज काहीतरी टाइप कर.’ म्हणून गटावर इतकी बडबड.

माझं टोपणनाव ‘टिपकागद’. का, ते मात्र आज सांगणार नाही.

नीला


जालना
शनिवार, ९ ऑगस्ट २००३

नीलाताई,

टिपकागद! म्हणजे तुम्ही शाई सांडायच्या का? नंदाबाई म्हणते, तुमचा रंग सावळा असणार. मी म्हणालो, असं विचारता येत न्हाई. ती म्हणाली, ‘विचारू नका, मी सांगतेय ना.’

तुम्ही गटावर पेटीबद्दल लिहिलं ते फार आवडलं. वडील पेटी वाजवायचे, भाता फाटला तेव्हा आईच्या जुन्या पातळाची पट्टी लावली, आणि त्यानंतर पेटीला कापराचा वास यायचा. हे वाचून मी बाईला सांगितलं. तिला गाण्याचं कुणी काही बोललं की ती कान टवकारते. आमच्या पंचक्रोशीत कापसाच्या वेचणीला बाई गायला असली की बाकीच्या बाया रोजाने यायला तयार व्हायच्या. एक ओळ ही म्हणणार, दुसरी बाकीच्या पातीतल्या बाया उचलणार. आता कुणी गात न्हाई. वेचणीला ट्रान्झिस्टर घेऊन येतात.

हल्ली तुम्ही काय ऐकता? गटावर सगळे जण आपापल्या आवडीची गाणी सांगतात, तुम्ही फक्त जुन्या आठवणी सांगता.

आणि एक विनंती. तुमचा फोन नंबर द्या. कॅफेशेजारीच एसटीडी बूथ आहे. टायपिंगमध्ये जीव जातो, बोललो तर बरं वाटेल.

भुजंग


इंदूर
१३ ऑगस्ट २००३

प्रिय भुजंगराव,

नंदाबाईंना सांगा, रंग सावळाच आहे.

आमच्या कॉलनीतले फोन केबल खोदल्यापासून बंद आहेत. कधी लागतील सांगता येत नाही. शिवाय मला लिहिण्यातच मजा वाटते. फोनवर माणूस घाईत बोलतो आणि शब्द वाया जातात.

‘पात’ म्हणजे वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला आलेली ओळ, असंच ना? आणि वेचलेला कापूस जिच्यात टाकतात ती पदराची खोळ, तिला काय म्हणतात? बाईंना विचारून कळवा. मला हे शब्द हवेत. फार हवेत.

नीला


जालना
शनिवार, ११ ऑक्टोबर २००३

नीलाताई,

दोन महिने लिहिता आलं न्हाई, माफ करा. बाईला दम्याचा जोराचा झटका आला. जालन्याला दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. आता घरी आहे, पण चार पावलं चालली की बसते. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं थकली आहेत, जपा.

दवाखान्यात खाटेच्या बाजूला बसलो असताना मला सारखं एकच वाटत होतं. हिची गाणी कुणी लिहूनच घेतली न्हाईत. मी मराठीचा मास्तर, पोरांना दुसऱ्यांच्या ओव्यांचे अर्थ सांगतो, आणि घरातल्या आईचं एक गाणं मला धड येत न्हाई.

घरी आल्यावर शाळेचा टेपरेकॉर्डर आणला. बाईने चार दिवस, जसा दम पुरेल तसं, गायलं. काही शब्द मला कळत न्हाईत. तिला विचारलं तर म्हणते, ‘मही माय म्हनायची, मी म्हनते.’ तुमच्याइतकं शब्दांचं ज्ञान मला कुणाकडे दिसत न्हाई. म्हणून गटाच्या यादीतल्या तुमच्या पत्त्यावर कॅसेट आजच रजिस्टर पोस्टाने पाठवली. तुम्ही ऐका, आणि जमेल तसं कागदावर उतरवून द्या. घाई न्हाई, असं म्हणवत न्हाई. बाई रोज विचारते, ‘त्या बाईनं आयकलं का?’

त्या खोळीला ‘वटी’ म्हणतात.

भुजंग


इंदूर
३ नोव्हेंबर २००३

प्रिय भुजंगराव,

दिवाळीच्या गडबडीत कॅसेट मिळाली. बाईंना माझा नमस्कार सांगा. काय आवाज आहे! त्यात मातीचा गोडवा आहे. मध्येच दम लागतो आणि त्या थांबतात, तेव्हा अंगावर काटा येतो. मला माझं लहानपण आठवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा ऐकली.

शब्द उतरवायला मात्र वेळ लागेल. डोळ्यांचा थोडा त्रास आहे. दरम्यान तुम्हीच बाईंकडून जमेल तेवढं लिहून घेतलंत तर मला ताडून पाहायला सोपं जाईल.

नीला


जालना
शनिवार, ८ नोव्हेंबर २००३

नीलाताई,

तुमचं पत्र छापून घरी नेलं आणि बाईला वाचून दाखवलं. ‘अंगावर काटा येतो’ हे तिने दोनदा वाचायला लावलं. मंग म्हणाली, ‘दुसरीकडच्या बाईला काटा आला आन् ह्या घरात कुनाला खाज बी आली न्हाई.’

त्या दिवशी तिने स्वतः वेणी घातली. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, इंदूरला मही टेप वाजते. शेजारच्या केशरबाई आल्त्या, त्यांना मी पत्र परत वाचून दाखवलं. किती दिवसांनी ती अशी बसलेली पाहिली, तुम्हाला सांगता येत न्हाई. डॉक्टरांच्या औषधाने झालं न्हाई ते तुमच्या पत्राने झालं.

उपकार विसरणार न्हाई.

भुजंग


‘शब्दगप्पा’ गटावरील संदेश
शनिवार, २२ नोव्हेंबर २००३

मित्रांनो, गाणं न ऐकताच त्याची वाहवा करणाऱ्या माणसाला मराठीत काय शब्द आहे? आमच्या गावाकडे न्हाई. कदाचित तशी माणसं नव्हती म्हणून.

भुजंग, टेंभुर्णी


जालना
शनिवार, २२ नोव्हेंबर २००३

नीलाताई,

गेल्या रविवारी शाळेचं कपाट आवरताना बाईची कॅसेट सापडली. माझ्याच अक्षरात नाव घातलेली. मंग तुम्हाला कोणती गेली? शोधलं तेव्हा कळलं. तुम्हाला गेली ती आमच्या स्नेहसंमेलनाची. त्यात प्रमुख पाहुणे अण्णासाहेबांचं ग्रामस्वच्छतेवरचं पाऊण तासाचं भाषण आहे. दुसरी बाजू कोरी.

त्यात तुम्हाला मातीचा गोडवा ऐकू आला. पुन्हा पुन्हा.

तुम्हाला वेळ नव्हता, तर तसं लिहायचं होतं. गावाकडची म्हातारी, दोन गोड शब्द लिहिले की खूश, असंच वाटलं ना? तिला मी अजून काही सांगितलेलं न्हाई. ती अजून ओसरीवर बसते आणि तुमचं नाव घेते. मला तिथून उठून जावं लागतं.

यावर उत्तर पाठवलं न्हाई तरी चालेल.

भुजंग


इंदूर
१६ डिसेंबर २००३

भुजंगराव,

उत्तर नको म्हणालात तरी लिहिते आहे. तीन आठवडे रोज लिहिलं आणि रोज पुसलं.

गटावर तुमच्या प्रश्नाला सतरा उत्तरं आली. कुणी ‘वाहवाखोर’ सुचवला, कुणी ‘हवाश्रोता’. ‘हवाश्रोता’ चांगला आहे. पण माझ्यासाठी याहून जुना आणि सोपा शब्द मराठीत आहे. मी बहिरी आहे.

तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात, मग दाराची घंटा, मग माणसं. आता एका कानाने काही नाही आणि दुसऱ्याने नुसता गलका. यंत्र लावलं की भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो आणि माणसाचं बोलणं मात्र तसंच लांब राहतं. आमचे फोन कधीच बंद नव्हते. मला फोन ऐकू येत नाही, म्हणून मुलाने कॉम्प्युटर आणून दिला.

मला घरात ‘टिपकागद’ म्हणायचे, कारण वडील पेटीवर एक ओळ वाजवायचे आणि ती माझ्या कानाने जशीच्या तशी टिपलेली असायची. बाजारातून येताना ऐकलेलं गाणं मी घरी येऊन सगळं म्हणून दाखवायचे. आता तुम्हीच सांगा, हे नाव मी तुम्हाला कशी समजावून सांगणार होते?

इथे सगळे माझ्याशी ओरडून बोलतात, नाहीतर बोलतच नाहीत. सून फोनवर मुलाला म्हणाली, ‘त्यांना काय कळतंय?’ हे मी तिच्या ओठांवरून वाचलं, ती सुट्टीत आली होती तेव्हा. गटावर मात्र कुणाला काही माहीत नव्हतं. तिथे मी पूर्वीची नीला होते. म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. माझी ती एकच जागा होती आणि मला ती घालवायची नव्हती.

कॅसेट आली तेव्हा मी ती टेपवर लावली होती. आवाज पूर्ण मोठा करून टेपला कान लावून बसले. शेजारचे दार वाजवायला आले, इतका आवाज होता. मला नुसता घरघराट जाणवला. तो बाईंचा दम असेल असं मला वाटलं. म्हणून दमाचं लिहिलं. बाकी माझ्या कल्पनेने.

मिस्टर आजारी होते तेव्हा शेवटी त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. मी सगळ्याला ‘हो, हो’ म्हणायचे. शेवटच्या दिवशी ते काहीतरी म्हणाले. मी हो म्हटलं. ते पुन्हा तेच म्हणाले. मी पुन्हा हो म्हटलं. मी कशाला हो म्हटलं, ते मला आजही माहीत नाही. तेव्हापासून ऐकू न आलेल्या गोष्टीला हो म्हणायची मला सवय लागली आहे, आणि तीच सवय मी तुमच्या आईच्या बाबतीत वापरली. याला क्षमा मागायची तर बाईंचीच मागायला हवी. त्यांना खरं सांगा. मला भित्री म्हणा, पण त्यांना मी हसले असं मात्र वाटू देऊ नका.

गट मी सोडते आहे.

नीला


जालना
शनिवार, २० डिसेंबर २००३

नीलाताई,

तुमचं पत्र मी बुधवारीच वाचलं. शाळा बुडवून आल्तो, कारण तीन शनिवार तुमचं काही न आल्याने जीव लागत नव्हता. वाचून कॅफेतून बाहेर पडलो आणि एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो, तरी एसटीत बसवेना. मी गटावर जे लिहिलं, ते चार लोकांत तुमचा हात धरून ओढल्यासारखं होतं. तो संदेश मी आज मागे घेतला आहे आणि माझं चुकलं असं तिथे लिहिलं आहे. कारण लिहिलं न्हाई. ते तुमचं आहे.

घरी जाऊन बाईला सगळं सांगितलं. कॅसेटची चूक, अण्णासाहेबांचं भाषण, तुमचं पत्र. वाटलं होतं, तोंड फिरवून बसेल. ती पोटाला धरून हसायला लागली, इतकी की दम लागला आणि नंदाबाई पाणी घेऊन धावली. मंग डोळे पुसून म्हणाली, ‘लिही. मी सांगते तसं लिही. मधी तुही मास्तरकी नको.’

तसंच लिहितो.

‘नीलाबाईला द्वारकाबाईचा रामराम. अण्णासाहेबाच्या भाषणाला आजपोत्तर कुनी गोड म्हनलं न्हव्हतं. त्याला कळलं तर तो इंदूरला तुह्या पाया पडाया येईल.

ह्या बोंड्याचं मनावर घिऊ नको. त्याला राग येतो जल्दी आन् जातो बी जल्दी. मला काय वाटलं ते सांगते. मला वाचता येत न्हाई. बोंड्या साळंत व्हता तव्हा मास्तरनं मला सही कराया बलावलं. चार बाया बसल्या व्हत्या. मी म्हनलं, चष्मा घरी इसरला. मला त्या वक्ताला चष्मा न्हव्हताच, डोळं घारीवानी व्हते. मंग लेकराला बी तेच सांगितलं. दोन वर्स मी त्या चष्म्याचं खोटं वढलं. शेवटी एक दिवस ह्यानंच मला अंगठा लावताना बघितलं आन् काय बोलला न्हाई. म्हनून मला ठावं हाय, मानूस खोटं कशापायी बोलतं.

तुला आयकू येत न्हाई तर टेप कशाला? मीच टेप हाय. हितं ये. म्होरं बस. मह्या तोंडाकडं बघ. मी दमानं म्हनते, मला आता दमानंच म्हनता येतं. कापूस अजून हाय रानात. संक्रांत झाली की ये. म्होरच्या सालाचं मी कुनाला सांगत न्हाई.’

इथे बाईचं संपलं. माझं एवढंच, की मी जालन्याच्या स्टँडवर उभा राहीन. गट सोडू नका.

भुजंग


इंदूर
२ जानेवारी २००४

भुजंगराव,

येते. मुलाने लिहिलं, एकटी कशी जाशील, काही ऐकू येत नाही. मी त्याला लिहिलं, मला बसची पाटी वाचता येते.

१७ तारखेला औरंगाबादहून दुपारच्या एसटीने जालन्याला उतरेन. हिरवं पातळ नेसलेली असेन. हाक मारू नका, समोर येऊन उभे राहा.

नीला


इंदूर
२८ जानेवारी २००४

प्रिय भुजंग,

आता ‘राव’ लावत नाही. ज्याच्या घरी चार दिवस भाकरी खाल्ली त्याला राव कसलं?

नीट पोचले. नंदाबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या वाटेत संपल्या. त्या तोंड उघडून, सावकाश आणि हातवारे करत बोलतात. त्यांना रेडिओ म्हणणाऱ्यांनी माझी गाठ घ्यावी. मला या तीन वर्षांत सगळ्यात जास्त समजलेलं माणूस त्या आहेत.

तू शाळेत असायचास, म्हणून दुपारचं सांगते. बाई आणि मी बांधावर बसायचो. पलीकडे बाया शेवटची वेचणी करत होत्या. बाई एक ओळ म्हणायच्या, थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा तीच म्हणायच्या. मी त्यांच्या ओठांकडे बघत वहीत लिहायचे. न कळलं तर तुझी मुलगी पाटीवर लिहून दाखवायची, पण ती बऱ्याचदा पातीत पळालेली असायची. तिसऱ्या दिवशी बाईंनी माझा हात ओढून स्वतःच्या पाठीवर ठेवला आणि गायल्या. आवाज आला नाही. पण एक ओळ कुठे संपते आणि दुसरी कुठे उचलायची, ते मला कळलं. मी दुसरी ओळ म्हटली. कशी म्हटली ते मला माहीत नाही. पातीतल्या बाया कमरेतून उठून बघायला लागल्या, एवढं मी पाहिलं.

एकवीस ओव्या झाल्या. सगळ्या टाइप करून सोबत पाठवल्या आहेत. काही जागी शंका आहे. ओठांवर ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ अगदी एकसारखे दिसतात. पान, बाण आणि मान यांत मला काहीच फरक दिसत नाही. तिथे अर्थावरून ठरवावं लागतं. तेव्हा बाईंना सगळ्या वाचून दाखव आणि चुका कळव. या वेळी मला खरं काय ते हवं आहे.

नीला


जालना
शनिवार, ७ फेब्रुवारी २००४

नीलाताई,

रविवारी सकाळी बाईला उन्हात बसवलं आणि तुम्ही पाठवलेल्या ओव्या एकेक वाचून दाखवल्या. ती डोळे मिटून मान हलवत होती.

वेचते मी कापूस बाई, वटी झाली भारी
म्हायेराची वाट मला दिसती बांधावरी

‘बराबर.’ पुढची.

पात माझी सरंना गं, ऊन आलं डोई
सावलीला जाया मला सवड कशी न्हाई

‘बराबर.’ असं करत अकरावीपर्यंत आलो.

पात माझी लांब गं, जिवाला लागं घोर
बांधाच्या कडंला माझी वाट पाहतं पोर

बाईने डोळे उघडले. ‘काय म्हनला? परत म्हन.’

परत वाचलं.

‘पोर न्हाई रं. बोर. बांधावर बोरीचं झाड व्हतं, त्याचं बोर. मही माय बोर म्हनायची.’

मी म्हणालो, ‘नीलाताईंनी लिहिलंच होतं, प आणि ब सारखेच दिसतात. दुरुस्त करतो.’ खिशातून पेन काढलं.

‘थांब,’ ती म्हणाली. नंदाबाई तांदूळ निवडत होती, तीही थांबली.

मंग बाई म्हणाली, ‘पन्नास वर्सं मी बोर बोर म्हनत आले. बोराचा कुनाला घोर लागतो व्हय रं?’

‘तू चार म्हयन्याचा व्हता,’ ती म्हणाली. ‘त्याच बोरीला लुगड्याची झोळी बांधून तुला टाकायचे. तू रडायचा. मला पात सोडून येता येत न्हव्हतं, सासू म्होरं उभी. मंग मी वरडून गायचे. मह्या गळ्याचा आवाज आला की तू गप व्हायचा, तुला वाटायचं माय हितंच हाय. जसजशी पात लांब जायाची तसतसं मी जोरात गायचे. बाया म्हनायच्या, द्वारकाचा गळा लय मोठा. गळा कशाचा मोठा? तुला आयकू जावं म्हनून गायचे मी.’

ताई, मी चाळिशीला आलो. हिच्या गाण्याची गोष्ट मी गावभर सांगत होतो, टेप करत होतो, तुम्हाला पाठवत होतो. ती गाणी कुणासाठी होती ते मला कधी विचारावंसं वाटलं न्हाई, आणि तिने आपण होऊन सांगितलं न्हाई. तुमच्या त्या एका अक्षराने सांगितलं.

मी पेन हातातच धरून बसलो होतो. बाईने ते काढून घेतलं आणि टोपण लावलं. मंग ती ओवी म्हणायला लागली. पहिली ओळ म्हणाली. दुसऱ्या ओळीला ‘बांधाच्या कडंला’पर्यंत आली आणि दम संपला. नंदाबाई उचलणार होती, तिला बाईने हाताने थांबवलं. श्वास घेतला आणि माझ्याकडे बघत ‘पोर’ म्हणाली.

मंग म्हणाली, ‘तिला लिही, बराबर आयकलंस.’

भुजंग